एक उडी मारून झाली. पुढे शिकावं का?

शेंगदाणाचटणी – रविवार, रात्री ११:४०

मागच्या आठवड्यात मी विमानातून उडी मारली. खरं सांगायचं तर एका माणसाने मारली आणि मी त्याच्या पोटाला बांधलेली होते. टँडम म्हणतात ते. शिकागोपासून दीड तासावर, चहूकडे नुसता मका, साडेतेरा हजार फूट.

ऑफिसातल्या पाच जणींनी ठरवलं होतं. एकीला सकाळी ताप आला, एकीने कागदांवर सह्या करता करता सोळाव्या पानावर पेन खाली ठेवलं. उरलो तिघी.

माझा गोंधळ असा आहे. खाली आल्यावर बाकीच्या दोघी रडत होत्या, किंचाळत होत्या, "आयुष्य बदललं" वगैरे. मला काही आठवतच नव्हतं! दार उघडल्यावर आलेला आवाज आठवतो. पाय बाहेर लोंबत होते ते आठवतं. त्यानंतर एकदम पॅराशूट उघडल्याचा हिसका. मधलं मिनिट कुणी कात्रीने कापून नेल्यासारखं गायब. व्हिडिओत मी हसतेय, अंगठा दाखवतेय, पण त्या बाईची आणि माझी ओळख नाही.

पॅराशूट उघडल्यानंतरचं मात्र लख्ख आठवतंय. ती शांतता. त्याने दोन्ही दोऱ्या माझ्या हातात दिल्या, डावी ओढली की अख्खं जग डावीकडे वळायचं. जमीन जवळ आली तशी कुठल्यातरी ट्रकची मागे येतानाची टुंई टुंई ऐकू आली, आणि मला उगाचच हसू फुटलं.

आता तिथे एकट्याने उडी मारायला शिकवतात, त्या कोर्सला नाव घालू का? महिन्याच्या आत ठरवलं तर टँडमचे थोडे पैसे त्यात वळते करतात. वय ३६, मुलगी सहा वर्षांची. नवरा म्हणतो "तुझं तू ठरव", म्हणजे काहीच मदत नाही. आईला (ती साताऱ्याला असते) अजून सांगितलेलंच नाही.

जे आठवतच नाही ते मला आवडलं की नाही, हे ठरवायचं कसं?

---

तिरकसतात्या – रविवार, रात्री ११:५२

एकदा जमलंय ना? मग रेकॉर्ड शंभर टक्के आहे. टिकवा.

---

वाळवंटातला_वारकरी – सोमवार, सकाळी ७:१०

मी २०१९ मध्ये दुबईत पाम जुमेरा या खजुराच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर मारली होती. खाली ते खजुराचं झाड, निळं पाणी, सगळं बघून घेतलं. उतरलो, व्हिडिओ घेतला, गावाकडच्या सगळ्या ग्रुपांवर टाकला, विषय संपला. परत जावंसं एकदाही वाटलं नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. प्रत्येक गोष्टीचा कोर्स करायलाच हवा असं कुठे आहे? एकदा वारीला जाऊन आलेला माणूसही वारी करून आलेलाच असतो.

---

मोरपंखी – सोमवार, सकाळी ७:३१

आयडी वारकरी आणि म्हणे एकदाच जाऊन आलो, हसून हसून पुरेवाट

---

आकाशकंदील – सोमवार, सकाळी १०:०५

कॅलिफोर्नियात राहतो, ३४० उड्या झाल्यात, म्हणून जरा लांब लिहितो.

चटणीताई, ते मिनिट गायब होणं अगदी नेहमीचं आहे. पहिल्या वेळी डोक्यावर इतकं काही एकदम येऊन आदळतं की मेंदू नोंद घेणंच सोडून देतो. माझ्या पहिल्या टँडममधला मला फक्त शिकवणाऱ्याच्या दाढीचा वास आठवतो. दहाव्या-बाराव्या उडीपर्यंत ते मिनिट हळूहळू परत मिळतं. आधी पाच सेकंद, मग पंधरा. एक दिवस लक्षात येतं की आपण पडता पडता शेजारच्याच्या बुटाची नाडी सुटलेली पाहिली.

दुसरं. टँडमवरून स्कायडायव्हिंग आवडेल का हे ठरवणं म्हणजे एसटीत मागच्या सीटवर बसून ड्रायव्हिंग आवडेल का ते ठरवणं. तिथे तुमच्याकडे काहीच काम नव्हतं. कोर्समध्ये पहिल्या उडीपासून काम असतं.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एएफएफ (अ‍ॅक्सलरेटेड फ्रीफॉल) ही शिकवायची पद्धत आहे. आधी पाच-सहा तास जमिनीवर वर्ग. मग पहिली उडी, दोन्ही बाजूंना एकेक शिक्षक तुमचा हार्नेस धरून. पाठीवर पॅराशूट तुमचं, उघडायचं तुम्हीच. पडताना मनगटावरचा आल्टिमीटर (उंची दाखवणारा) वाचायचा, दोरीचा हँडल चाचपून बघायचा, परत आल्टिमीटर, आणि साडेपाच हजार फुटांवर हात हलवून खूण करून ओढायचं. उघडल्यावर कानातल्या रेडिओवर खालून कुणीतरी सांगत असतं, "डावीकडे, अजून डावीकडे, हं पुरे." अशा सात-आठ पायऱ्या. मग एकट्याने, आणि २५ उड्या झाल्या की ए लायसन्स, म्हणजे पहिला परवाना. ते मिळालं की कपाळावर शिक्का मारतात. खरोखरचा, शाईचा. मी तो घेऊन तसाच पटेलांच्या दुकानात कोथिंबीर आणायला गेलो होतो.

तुम्हाला पॅराशूटखालचा भाग आठवतोय कारण तेव्हा दोऱ्या तुमच्या हातात होत्या. काहीतरी काम होतं. विचार करा यावर.

---

शेंगदाणाचटणी – सोमवार, सकाळी १०:२०

एसटीचं उदाहरण एकदम पटलं. पण मागच्या सीटवर मला एसटी लागते हो.

---

भौतिकमास्तर – सोमवार, दुपारी १:१५

पोटात गोळा आला होता का? नसणार. पाळण्यात येतो तसा विमानातून सुटताना सहसा येत नाही, कारण विमान आधीच ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरने चाललेलं असतं. सुटल्या क्षणी समोरून तेवढा वारा अंगावर असतोच. पुढचा वेग कमी होत जातो, खालचा वाढत जातो. दहा-बारा सेकंदांत ताशी १९०-२०० किलोमीटरला पोहोचलात की वाऱ्याचा रेटा आणि वजन यांची बरोबरी होते आणि वेग वाढायचा थांबतो. म्हणून लोक म्हणतात, पडतोय असं वाटतच नाही, वाऱ्याच्या गादीवर पालथं पडल्यासारखं वाटतं. टँडममध्ये दोघांचं वजन असतं, म्हणून एक छोटं पॅराशूट आधीच मागे सोडून ठेवतात, नाहीतर जोडी फार जोरात पडेल.

---

तिरकसतात्या – सोमवार, दुपारी १:२२

मास्तर, जोडी फार जोरात पडते हे लग्नाला बत्तीस वर्षं झालेल्याला सांगू नका.

---

निवृत्त_सुभेदार – सोमवार, सायंकाळी ६:४५

आमची उडी निराळी. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलला पाच उड्या मारल्या की छातीवर पंख मिळत. साधारण बाराशे-साडेबाराशे फुटांवरून. पट्टा विमानातल्या तारेला अडकवलेला असे, बाहेर पडलं की छत्री आपोआप उघडे. विसरायला वेळच नव्हता.

एक सांगतो. पहिल्या उडीला मी हसत गेलो. दुसऱ्या उडीला दारात माझे गुडघे वाजत होते. पहिल्या वेळी काय होणार ते माहीत नसतं आणि दुसऱ्या वेळी असतं. आमच्या तुकडीत जे एक-दोघे अडले ते दुसऱ्यालाच अडले. तेव्हा बाई, तुम्हाला पुढे जायचं असेल तर दुसऱ्या उडीला जास्त भीती वाटेल, ते धरून चाला. आपण बिघडलोय असं समजू नका.

आणि आवडलं की नाही हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता.

---

मोरपंखी – सोमवार, सायंकाळी ६:५८

काका, शेवटच्या ओळीला सॅल्यूट.

पहिलीच उडी म्हटल्यावर पुण्याच्या शीतल महाजन आठवल्या. त्यांची आयुष्यातली पहिली उडीच उत्तर ध्रुवावर होती! १८ एप्रिल २००४, रशियन हेलिकॉप्टरमधून, २,४०० फुटांवरून. आपण पहिल्यांदा सायकल चालवताना सोसायटीच्या आवारातसुद्धा मागून धरायला बाबा लागायचे. पुढे २००६ मध्ये अंटार्क्टिका, २०११ मध्ये पद्मश्री.

---

जाईजुई – सोमवार, रात्री ८:१२

आणि २०१८ मध्ये थायलंडला नऊवारीत उडी मारली होती की त्यांनी! नऊवारी नेसून मला स्कूटरवर बसता येत नाही.

---

तिरकसतात्या – सोमवार, रात्री ८:१९

काष्टा असतो म्हणूनच जमलं. पाचवारीत मारून दाखवा म्हणावं, ते वेगळंच पॅराशूट झालं असतं.

---

हिशेबनीस – मंगळवार, सकाळी ९:००

गंमत पुरे, आकडे बघू. अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनच्या हिशेबात २०२३ साली अंदाजे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० जण दगावले. म्हणजे ३ लाख ६५ हजार उड्यांमागे एक. ए लायसन्सपर्यंतच्या २५ उड्यांचा धोका साधारण १४,६०० मध्ये एक.

खर्च : लायसन्सपर्यंत तीन ते चार हजार डॉलर धरा. पुढे दर उडीला विमानाचं तिकीट तीसेक डॉलर, साहित्य भाड्याने घेतलं तर ते वेगळं. स्वतःचं घेतलं तर जुनंसुद्धा हजारोंत जातं. मुलीच्या कॉलेजचं खातं उघडलंय का हे विचारणं माझं काम नाही, तरी विचारतो.

---

जाईजुई – मंगळवार, सकाळी ९:४०

हिशेबनीस, तुमच्या आकड्याला माझा आक्षेप आहे. उडीमागे धोका किती हे सांगून कुणाला काय कळणार? माणूस एक उडी मारून थांबत नाही ना. नाद लागला की शनिवार-रविवार तिथेच. वर्षाला शंभर उड्या धरा, म्हणजे वर्षाचा धोका ३,६५० मध्ये एक झाला. दहा वर्षं चालवलं तर ३६५ मध्ये एक. आता हा आकडा सहा वर्षांच्या मुलीच्या आईला सांगा.

शिवाय त्या ३६ लाखांत सगळ्या टँडम उड्यापण आल्या, जिथे अनुभवी माणूस मागे असतो. त्या काढल्या तर एकट्याने मारणाऱ्यांचा आकडा अजून वर जाईल.

---

हिशेबनीस – मंगळवार, सकाळी ९:५५

गुणाकार बरोबर आहे. टँडमचा मुद्दाही मान्य. दोन्ही माझ्या नजरेतून सुटले.

(हे वाक्य या आयडीवरून पहिल्यांदाच लिहिलं जात आहे. वाचनखूण साठवून ठेवा.)

---

आकाशकंदील – मंगळवार, सकाळी ११:३०

जाईजुईंचा हिशेब योग्य आहे, पण सरासरी सगळ्यांना सारखी लागू होत नाही. पॅराशूट उघडलंच नाही म्हणून माणूस गेला, हे सिनेमात जास्त होतं. बरेच जीवघेणे अपघात चांगल्या, नीट उघडलेल्या पॅराशूटखाली होतात. पुरेसा अनुभव आला की लोक छोटी, वेगवान पॅराशूट घेतात आणि जमिनीजवळ जोरात वळण मारून वेग घेऊन उतरायला बघतात. तिथे अर्ध्या सेकंदाची चूक पुरते. विद्यार्थ्याला मोठं, संथ पॅराशूट देतात आणि खाली वळायचंच नाही असं बजावतात. म्हणजे धोका बराचसा तुम्ही पुढे काय निवडता त्यावर आहे. सगळा नाही, बराचसा.

विद्यार्थ्याच्या पाठीवर एक छोटं यंत्रही असतं. ठरावीक उंचीखाली तुम्ही अजून वेगाने पडत असाल तर ते स्वतःच राखीव पॅराशूट उघडतं. सायप्रस नावाचं जर्मन यंत्र १९९१ मध्ये आलं, तेव्हापासून कितीतरी लोक वाचलेत.

लपवत नाही, माझ्या १६१व्या उडीला मुख्य पॅराशूट पिळे पडून गरगरायला लागलं. उजवा लाल हँडल ओढून ते तोडून टाकलं, डावा चंदेरी ओढून राखीव उघडलं. लिहायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात. जमिनीवर हे शंभरदा घोकलेलं असतं म्हणून हात आपोआप गेले. भीती वाटली ती संध्याकाळी, घरी भात लावताना. ज्याने माझ्या राखीव पॅराशूटची घडी घातली होती त्याला रिवाजाप्रमाणे एक बाटली दिली.

बायकोला ही गोष्ट दोन वर्षांनी सांगितली. ती चूक होती.

---

मावळतीचा_वारा – मंगळवार, दुपारी २:०५

एवढा वेळ कुणी मुद्द्याचं का बोलत नाहीये? बाईंना पडणं आठवतच नाही आणि तरंगणं लख्ख आठवतंय. म्हणजे त्यांना पॅराग्लायडिंग करायचंय, त्यांना ते अजून माहीत नाही एवढंच!

स्कायडायव्हिंगमध्ये पॅराशूटखाली पाच-सहा मिनिटं मिळतात. पॅराग्लायडरखाली, वारा साथीला असेल तर तासन् तास. मी कामशेतला दहा वर्षं उडतोय. पाऊस संपला की ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत हंगाम. दुपारी गरम हवेच्या झोताखाली घार गोल फिरताना दिसली की तिच्या मागे जायचं, ती जिन्याने नेल्यासारखी वर नेते. खाली पवना धरणाचं पाणी, एक्स्प्रेस वेवरच्या गाड्या मुंग्यांएवढ्या. विमान नको, तीस डॉलर नको. डोंगर चढायचा आणि धावायचं.

---

आकाशकंदील – मंगळवार, दुपारी २:२०

मुद्दा चांगला आहे. फक्त पॅराग्लायडिंग जास्त सुरक्षित आहे असं कुणी समजू नये. तिथे हवा हा मोठा खेळाडू असतो.

---

मावळतीचा_वारा – मंगळवार, दुपारी २:२४

मान्य. माझ्या डाव्या घोट्यात स्क्रू आहे. तो सह्याद्रीचा प्रसाद.

---

शेंगदाणाचटणी – मंगळवार, रात्री १०:३०

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी.

मावळतीचा_वारा, तुमचं वाचून दुपारभर कामात लक्ष नव्हतं. पण इलिनॉय पोळपाटासारखं सपाट आहे. इथे उंच म्हणजे हायवेचा पूल. डिसेंबरात भारतात येईन तेव्हा कामशेतला नक्की. मात्र वर्षातून एकदा येऊन हवा वाचायला शिकता येईल असं वाटत नाही.

जाईजुई, ३६५ मध्ये एक हा आकडा मी फ्रिजवर चिकटवलाय. खरंच. नवऱ्याने विचारलं हे काय. सांगितलं. तो म्हणाला, "वर्षाला शंभर कशाला? पंचवीस मार." तो पहिल्यांदाच काहीतरी कामाचं बोलला.

आईचं काय करू?

---

जाईजुई – मंगळवार, रात्री १०:४८

सांगून टाक. माझ्या मुलाने बुलेटवरून लडाख केलं ते मला शेजारणीच्या फेसबुकवरून कळलं. तो लडाखला गेला याचं काही नाही गं, शेजारणीला माझ्याआधी कळलं हे अजून सलतं.

---

निवृत्त_सुभेदार – बुधवार, सकाळी ६:०५

मी माझ्या आईला "छत्रीचं ट्रेनिंग" एवढंच लिहिलं होतं. तिला वाटलं पावसाळ्यासाठी काहीतरी असेल. पंख लावलेला फोटो घरी गेला तेव्हा तिने देवघरात ठेवला आणि मला तीन महिने पत्र लिहिलं नाही.

---

मोरपंखी – बुधवार, सकाळी ८:३०

चटणी, तुझ्याच भागातली गोष्ट. शिकागोच्या डोरोथी हॉफनर आजींनी पहिली उडी वयाच्या शंभराव्या वर्षी मारली. तेव्हा त्यांना मागून ढकलावं लागलं होतं. दुसरी मारली १ ऑक्टोबर २०२३ ला, इलिनॉयमधल्याच ओटावाला, वय १०४. या वेळी त्या म्हणाल्या, मी पुढे होते. आठवड्याभराने त्या झोपेतच गेल्या.

म्हणजे दुसऱ्या उडीसाठी चार वर्षं थांबलं तरी चालतं. महिन्याच्या सवलतीची घाई कशाला?

---

हिशेबनीस – बुधवार, सकाळी ८:४१

सवलतीवर मीही तेच म्हणतो. उलट दुसरी बाजू अशी की तिकडे थंडीत हंगाम बंद असतो, आणि विद्यार्थ्याचा महिनाभर खंड पडला की उजळणी करावी लागते. ऑक्टोबरात सुरुवात करून चार उड्या मारून थांबलात तर एप्रिलमध्ये उजळणीचे पैसे पुन्हा भरा. एक तर आत्ता सलग करा, नाहीतर सरळ वसंतात.

टर्म इन्शुरन्सचे कागद उघडून धाडसी खेळांचं कलम वाचा. हे मी हात जोडून सांगतो.

---

तिरकसतात्या – बुधवार, सकाळी ८:५०

या माणसाला विमानातून ढकललं तर तो पडता पडता पावती मागेल.

---

शेंगदाणाचटणी – १९ दिवसांनी, शनिवार, रात्री ९:१५

धागा वर काढतेय.

इन्शुरन्सचा माणूस म्हणाला, हप्ता थोडा वाढेल पण पॉलिसी चालू राहील. मग आज वर्गाला जाऊन आले. सकाळी आठ ते दीड. पोटावर झोपून कमान करायची, हात-पाय पसरायचे, कंबर पुढे. छताला टांगलेल्या हार्नेसमध्ये लटकवून बिघडलेल्या पॅराशूटचे फोटो दाखवतात आणि विचारतात, काय करशील? उजवा लाल, डावा चंदेरी. उजवा लाल, डावा चंदेरी. घरी येताना टोलनाक्यावर हात आपोआप छातीवर गेला.

दोन वाजता उडी होती. वारा वाढला. विद्यार्थ्यांना ताशी चौदा मैलांच्या वर सोडत नाहीत, आणि तो सोळा-सतरावर जाऊन बसला. म्हणाले, थांबा, संध्याकाळी पडेल कदाचित. थांबले. तीन, चार, साडेपाच. नाहीच पडला.

आणि मला कंटाळा आला नाही. हेच लिहायला आलेय. एका रिटायर्ड नर्सने मला पॅराशूटची घडी घालायला शिकवली. ते कापड इतकं निसरडं असतं की सासूबाईंच्या रेशमी साडीची घडी परवडली. त्यातली हवा काढायला त्यावर लोळावं लागतं. तिसऱ्या वेळी कुठे ते पिशवीत मावलं. मग नुसतीच बसून लोकांचं उतरणं बघत होते. कोण कधी दोऱ्या ओढतो, कोण उशिरा ओढून ढुंगणावर आपटतो. सहा वाजता लक्षात आलं की दुपारपासून फोन बघितलाच नाही.

आवडलं की नाही हे उडीवरून ठरत नव्हतं. आज ठरलं, एकही उडी न मारता. पुढच्या शनिवारी परत जातेय. या मोसमात हवामान देईल तेवढं, नाहीतर एप्रिल. वर्षाला पंचवीस, फ्रिजवर लिहून ठेवलंय. डिसेंबरात कामशेत आहेच.

तिथे एक प्रथा आहे : काहीही पहिल्यांदा केलं की बिअर आणायची. पहिली घडी घातली म्हणून माझ्यावर आलीच. मी डब्यात चकल्या नेल्या होत्या, त्या पुढे केल्या. सात मिनिटांत डबा रिकामा. म्हणाले, तुझ्यापुरता नियम बदलला.

---

आकाशकंदील – शनिवार, रात्री ९:३०

वाऱ्याने दिवसभर बसवलं तरी परत जातेय म्हणतेस! मग झालंच. शनिवारी दारात सुभेदार काकांचे गुडघे आठव.

---

निवृत्त_सुभेदार – रविवार, सकाळी ६:००

माझे गुडघे आता जिन्यालाही वाजतात. शुभेच्छा.

---

मोरपंखी – रविवार, सकाळी ७:२०

अवांतर : चकलीच्या भाजणीचं प्रमाण द्या ना. माझ्या नेहमी मऊ पडतात.

---

शेंगदाणाचटणी – रविवार, सकाळी ७:४४

प्रमाण आईचं आहे, मला तोंडपाठ नाही. आज फोन करून विचारते. आधी भाजणी लिहून घेईन, मग दुसरं सांगेन. उलट केलं तर भाजणी मिळायची नाही.